‘रोजच्या वापरासाठी तयार’ म्हणून विकलेल्या ओएम-१ कॅमेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष फिल्म कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत आणि वर्णनातील चुकीचा मजकूर बदलण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

पाच आठवड्यांपूर्वी मी आपल्या कंपनीकडून ऑलिम्पस ओएम-१ हा फिल्म एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतली. आपल्या यादीत हा कॅमेरा ‘रोज सोबत बाळगण्यासाठी’ या गटात होता. वर्णनात लिहिले होते: शटरचे सर्व वेग चालू, मीटर चालू, फोम नवा, फिल्म घालून तपासलेला. या चारही बाबतींत, म्हणजे फिल्मला किती वेळ प्रकाश मिळेल हे ठरवणारे शटर, प्रकाश मोजणारे मीटर, बाहेरचा प्रकाश अडवणारा फोम आणि फिल्मची चाचणी, माझी फसगत झाली आहे. मी दोनदा कळवले आणि दोन्ही वेळा ‘इतक्या जुन्या वस्तूत थोडेफार चालायचेच’ असे उत्तर आले. ते मला मान्य नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

हा कॅमेरा मी कपाटात मांडून ठेवायला घेतलेला नाही. घराबाहेर पडताना किल्ल्या घेतो तसा उचलता येईल असा कॅमेरा मला हवा होता, आणि त्यासाठी मी काही महिने विचार केला होता. पेंटॅक्स के१००० दणकट, पण नुसती बॉडीच ६२० ग्रॅमच्या आसपास. दिवसभर खांद्यावर असले की त्यातले शंभर ग्रॅमही जाणवतात. कॅनन एई-१ मला हाताळायला फार आवडला, पण त्याचे शटर इलेक्ट्रॉनिक आहे; सेल संपला की कॅमेरा थांबला. पेंटॅक्स एमई सुपर ४४५ ग्रॅमचा, म्हणजे सगळ्यांत हलका, पण सेल गेल्यावर त्यात १/१२५ सेकंद आणि बी (बटण दाबून धरले तोवर उघडे राहणारे शटर) एवढेच उरते. निकॉन एफएमचे शटर यांत्रिक आहे, मीटरला आजही सहज मिळणारे सेल चालतात, तरी वजन ५९० ग्रॅम. पेंटॅक्स एमएक्स आणि ओएम-१ यांच्यात मी बरेच दिवस अडले होते. दोन्ही पाचशे ग्रॅमच्या आसपास, दोन्हींची शटरे पूर्ण यांत्रिक.

शेवटी ओएम-१ घेतला तो त्याच्या व्ह्यूफाइंडरसाठी आणि आवाजासाठी. ऑलिम्पसचे अभियंते योशिहिसा माइतानी यांनी हा कॅमेरा आखला तेव्हा चांगले एसएलआर लेन्ससकट किलोभर भरत. आकार, वजन, आरशाचा धक्का आणि आवाज, सगळेच कमी करायचे हा त्यांचा ध्यास होता. १९७२ मध्ये तो एम-१ या नावाने आला आणि लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर ओएम-१ झाला. इतक्या लहान बॉडीत इतके मोठे आणि उजळ दृश्य दिसते की पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मी थोडा वेळ बटण दाबायलाच विसरले. शटरचा वेग लेन्सच्या माउंटभोवतीच्या कड्यावर असल्यामुळे डाव्या हाताने वेग, अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) आणि फोकस तिन्ही सांभाळता येतात, कॅमेरा डोळ्यापासून हलवावा लागत नाही. हे सगळे लिहिते आहे कारण माझी तक्रार या कॅमेऱ्याच्या जातीबद्दल नाही. तुम्ही पाठवलेल्या नगाबद्दल आणि त्यासोबत दिलेल्या शब्दाबद्दल आहे.

कॅमेरा हातात आला त्याच आठवड्यात माझे वडील निवृत्त होत होते. ते छापखान्यात यंत्रावर काम करत. शेवटचे सहा दिवस मी रोज त्यांच्याबरोबर चालत गेले, थोडा वेळ आत थांबले, संध्याकाळी पुन्हा न्यायला गेले. आयएसओ ४०० चे (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) कृष्णधवल दोन रोल, एकूण ७२ फोटो. सकाळच्या उन्हात फाटकातून आत जाणारे वडील, शाईने काळी झालेली त्यांची बोटे, यंत्र बंद करून त्यावर कापड टाकतानाचा शेवटच्या संध्याकाळचा क्षण. त्यांना मुद्दाम उभे करून एकही फोटो काढला नाही. कॅमेरा खांद्यावर होता, दिसेल ते टिपत गेले. रोज सोबत बाळगायचा कॅमेरा माणूस यासाठीच घेतो.

लॅबमधून निगेटिव्ह आल्या तेव्हा छापखान्याच्या आतले जवळजवळ सगळे फोटो अंडर, म्हणजे कमी प्रकाश मिळालेले होते. निगेटिव्ह इतक्या पातळ की सावलीत काहीच नाही. यंत्राशेजारचा वडिलांचा चेहरा काळ्यात बुडालेला. उन्हात १/१००० वर काढलेल्या प्रत्येक फोटोत एका कडेला उभी काळी पट्टी, आणि फाटकातला फोटो त्याच पट्टीत गेला आहे. शिवाय ठिकठिकाणी आत शिरलेल्या प्रकाशाचे पांढरे ओघळ. ७२ पैकी धड म्हणता येतील असे अकरा फोटो हाती लागले.

मी कॅमेरा जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे नेला. त्यांनी माझ्यासमोर तपासणी केली. त्यात जे दिसले ते असे.

पहिले मीटरचे. ओएम-१ चे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले आहे. तो सेल संपेपर्यंत जवळपास एकाच व्होल्टेजवर राहत असे, आणि मीटरचा सगळा हिशेब त्यावर बेतलेला होता. पाऱ्यामुळे ते सेल केव्हाच बाजारातून गेले. तुम्ही त्या खणात त्याच आकाराचा साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालून ‘मीटर चालू’ असे लिहिले. जास्त व्होल्टेज मिळाले की सुई प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवते, आणि तिच्यावर विसंबणारा माणूस फिल्मला कमी प्रकाश देतो. हातातल्या मीटरशी ताडून पाहिले तेव्हा फरक दीड स्टॉपच्या आसपास निघाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सहन करते, कमी पडलेला करत नाही. सावलीत जे टिपलेच गेले नाही ते कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

सुई हलते हे तुम्ही पाहिले. ती कुठे थांबते हे पाहिले नाही.

दुसरे शटरचे, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आहे. ओएम-१ मध्ये कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. वेग जास्त असतो तेव्हा पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. जुने वंगण घट्ट होऊन पहिला पडदा रेंगाळू लागला की दुसरा त्याला गाठतो, फट वाटेतच मिटते आणि फ्रेमची शेवटची कड कोरी राहते. ती माझी काळी पट्टी. संथ वेगांवर हा दोष दिसत नाही, आणि टेबलावर बटण दाबून नुसते ऐकले तर १/१००० चा आवाजही ठीकच वाटतो. कारागिराच्या यंत्रावर मात्र फ्रेमच्या दोन कडांना वेगवेगळा वेग नोंदला गेला. एक सेकंदाचा वेग तर तीनदा लावल्यावर दोनदा मध्येच अडकला. तुमच्याकडे हे शटर कानाने तपासले गेले, दुसरा अर्थ मला काढता येत नाही.

फोमबद्दल फार लिहीत नाही, सोबतचे फोटो पुरेसे आहेत. मागचे झाकण उघडल्यावर बिजागरीजवळ दिसणारी रुंद पट्टी नवी आहे. वरखालच्या लांब खाचांमध्ये मूळचा फोम तसाच आहे आणि त्याचा डांबरासारखा चिकट लगदा झाला आहे. बोट लावले तर काळे होते. प्रकाश आत शिरला तो तिथूनच. वरचे कव्हर काढल्यावर प्रिझमवरही (व्ह्यूफाइंडरकडे दृश्य वळवणाऱ्या काचेवरही) जुना फोम निघाला. तो कुजून प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो ही या मॉडेलची जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली व्याधी आहे. या नगात ती सुरू झाली आहे, व्ह्यूफाइंडरच्या खालच्या भागात तपकिरी रेघ दिसते. फोटोवर तिचा परिणाम होत नाही, पण ज्या व्ह्यूफाइंडरसाठी मी हा कॅमेरा निवडला त्यातच ती आहे.

आता तुमच्या उत्तरांबद्दल. आयएसओ ४०० ऐवजी २०० किंवा १६० लावून मीटर सांभाळून घ्या, असे तुमच्या प्रतिनिधींनी सुचवले. अल्कलाइन सेल वापराबरोबर उतरत जातो, म्हणजे आजची चूक पुढच्या महिन्याच्या चुकीइतकी नसेल. बदलत्या चुकीला एकच दुरुस्ती कशी लावायची? १.४ व्होल्टचा श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल भोवती एक कडे लावून बसवता येतो. चांदीच्या सेलला व्होल्टेज उतरवणारा अॅडॉप्टर मिळतो. मीटर १.५ व्होल्टसाठी जुळवूनही घेता येते. हे उपाय जुने कॅमेरे विकणाऱ्याला माहीत असायलाच हवेत, आणि तुम्ही यांपैकी काहीच केले नव्हते तर तसे लिहायला हवे होते. मी मीटर बंदच ठेवले असते, उन्हात १६ चा नियम (अॅपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका) धरून आणि आत अंदाजाने फोटो काढले असते. खोट्या मीटरपेक्षा मेलेले मीटर परवडते.

आधी चाचणीचा रोल का काढला नाही, असेही मला विचारले गेले. कारण ‘फिल्म घालून तपासलेला’ हे तुमचे शब्द होते. न तपासलेले ओएम-१ यापेक्षा बरेच स्वस्त मिळत होते, तुमच्याच यादीतही होते. वरचे पैसे मी त्या एका रोलसाठी मोजले. तो रोल खरोखर काढला असेल तर मला त्याच्या निगेटिव्ह पाठवा. ही मागणी मी दोन्ही पत्रांत केली होती आणि तिला अजून उत्तर नाही.

बदल्यात दुसरा, ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रॉनिक शटरचा कॅमेरा देण्याची तयारी तुम्ही दाखवली. सौजन्याबद्दल आभारी आहे, पण तो मला नको. तो तपासणाराही तोच असणार.

माझे म्हणणे एवढेच आहे की कॅमेरा आणि लेन्स परत घेऊन मला पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, परत करावी. दोन रोल, त्यांची धुलाई आणि तपासणी यांच्या पावत्या जोडल्या आहेत, तो खर्चही द्यावा. वाया गेलेल्या फोटोंची भरपाई मी मागत नाही, ती होणारच नाही. शिवाय ‘रोज सोबत बाळगण्यासाठी’ या गटातल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या वर्णनात शटरचे मोजलेले वेग, मीटर कोणत्या व्होल्टेजवर आणि कशाशी ताडून पाहिले, आणि फोम कुठे कुठे बदलला हे लिहावे. यंत्रावर शटर तपासायला त्या कारागिराला माझ्यासमोर पंधरा मिनिटेही लागली नाहीत. जिथे तपासणी झालेली नाही तिथे ‘तपासलेला नाही’ असे लिहिलेत तरी माझी हरकत नाही. मी असा कॅमेराही घेतला असता आणि आधी दुरुस्तीला नेला असता.

कारागिराने कॅमेरा उघडून फक्त पाहिला, दुरुस्त केलेला नाही. तो जसा आला तसाच, सेलही तोच, माझ्याकडे बांधून ठेवला आहे. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत तो कुठे पाठवायचा ते लेखी कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत तो पुन्हा विक्रीच्या यादीत ‘सर्व वेग चालू’ म्हणून येणार नाही, असेही त्याच उत्तरात लिहून द्यावे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, वर्णनाच्या पानाची प्रत, निगेटिव्हचे फोटो, शटरच्या मोजणीची नोंद, फोम आणि प्रिझमचे फोटो, खर्चाच्या पावत्या