अण्णांची गोळी आणि ते काळं चॉकलेट

प्रिय सुन्या,

फोनच केला असता, पण अण्णा पलीकडच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून लिहितोय. मी बरा आहे, गुडघा तसाच.

अरे, अण्णांनी बीपीची गोळी बंद केली होती. कुणालाही न सांगता. परवा चक्कर आली म्हणून मशीन लावलं तर वरचं १७८! डबा उघडला तर स्ट्रिपा तशाच भरलेल्या, आणि कपाटात मंजूने अमेरिकेहून आणलेली डार्क चॉकलेटं, निम्मी संपलेली. म्हणाले, "याने रक्तवाहिन्या सैल होतात, आता गोळी कशाला?" तू दादांचं दुधीच्या रसाचं प्रकरण निस्तरलंयस म्हणून तुलाच सांगतोय, बाकी सगळे हसण्यावारी नेतायत.

पंचाईत ही की अण्णांचं अगदीच खोटं नाही रे. कोकोत फ्लेव्हनॉल नावाची नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यांनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि त्या थोड्या सैलावतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेसुद्धा २०१२ मध्ये हे मान्य केलंय, रोज २०० मिलिग्रॅम फ्लेव्हनॉल पोटात गेले तर. पण फरक किती? कॉक्रेन म्हणून उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था आहे, त्यांनी २०१७ मध्ये झालेले प्रयोग एकत्र करून पाहिले, तर सरासरी दोन पॉइंटसुद्धा नाही. १७८ मधून दोन गेले तर राहिले किती, तूच सांग, गणितात माझ्या पेपरात बघून पास झालायस तरी एवढं येईल. आणि वेष्टनावर ७० टक्के कोको लिहिलं म्हणजे फ्लेव्हनॉल भरपूर असंही नाही, कडूपणा कमी करायला कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की त्यातले बरेच जातात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २१,००० लोकांवरचा मोठा प्रयोग आला, त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून ठाम फरक नाही, आणि ते लोक कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होते, चॉकलेट नाही!

(चॉकलेटवरून आठवलं, हॉस्टेलवर माझी कॅडबरी उंदराने खाल्ली हे मी आजही मानत नाही. उंदीर चांदीची घडी घालून ठेवत नाही.)

पण मला त्यांचं चॉकलेट तोडायचं नाहीये. आई गेल्यापासून त्यांचं कशात मन नव्हतं, आता जेवण झालं की एक तुकडा जिभेवर ठेवतात, चावायचा नाही म्हणतात, आणि मालवणच्या गोष्टी सुरू होतात. ते मी कसं काढून घेऊ? फक्त अर्धा बार नको, १०० ग्रॅममध्ये ६०० च्या आसपास कॅलरी, साखर आहेच, आणि त्यांची शुगर काठावर आहे. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केलीय, दोन चौकोन चालतील म्हणाले. पण जरा बरं वाटलं की अण्णा पुन्हा गोळी सोडतील, याच विचाराने मला झोप येत नाही, सकाळी उठून आधी त्यांची स्ट्रिप मोजतो, आणि त्यांना ते कळलंय.

कॅरममुळे तुझ्यावर त्यांचा जीव आहे, रविवारी फोन कर. चॉकलेट सोडा म्हणू नकोस, भडकतील. सकाळी गोळी, जेवणावर दोन चौकोन, एवढंच सांग, आणि दादांचं काय झालं तेही सांग. मी लिहिलंय हे बोलू नकोस.

मिनूची दहावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या