चितळाचा परवाना मागायला आलो होतो, ताई

नागपूर

आदरणीय वनरक्षक ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाच्या नावाची उगाच चर्चा झालेली बरी नसते. पण तुमच्या बीटातली, म्हणजे तुमच्या राखणीच्या हद्दीतली, चार-पाच गावं हे पत्र वाचतील आणि कोणाबद्दल आहे ते त्यांना लगेच कळेल. तेवढं पुरे.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात मी तुमच्या नाक्यावर आलो, ती सकाळ तुम्हाला आठवते का माहीत नाही. तुमच्याकडे रोजच कोणी ना कोणी येत असणार. मी प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आलो होतो. फाइलमध्ये सातबारा, आधार कार्ड, वडिलांच्या भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीचं जुनं लायसन आणि टाइप करून आणलेला अर्ज. विषय : चितळ मारण्याचा परवाना मिळणेबाबत.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मानेवाड्याच्या घरातून उमरेड रोडने वावरात जा-ये सुरू केली. करांडल्याच्या जंगलाला लागून वडिलांचे सहा एकर आहेत. लहानपणी पाहिलेली शेती आणि स्वतःच्या खिशातून बी-बियाणं घालून केलेली शेती यात किती अंतर आहे, ते मला त्या दोन वर्षांत समजलं. पहिल्या वर्षी सोयाबीन कोवळं असतानाच चितळांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी तूर आणि चना. संध्याकाळी हिरवंगार दिसणारं वावर सकाळी वीतभर खाली बसलेलं असायचं. घरी येऊन जेवणावर बसलो तरी घास उतरत नसे. बायको विचारायची, मी सांगायचो नाही.

त्यात तहसीलजवळ एकजण भेटला. हरणाचं लायसन काढून देतो, वरपर्यंत ओळख आहे, म्हणाला. आठ हजार मागितले आणि मी निम्मे दिलेही. तो अर्ज त्यानेच टाइप करून दिला होता.

तुम्ही अर्ज वाचला. हसला नाहीत. दुसऱ्या कोणी हसून परत पाठवलं असतं, तर मी त्या दिवशी काय करून बसलो असतो, याचा विचार आजही मनात येतो. तुम्ही म्हणालात, “काका, आधी बसा, पाणी घ्या. असा परवाना नाही. पण तुमचं नुकसान खरं आहे, त्याचं काय करायचं ते बघू जी.”

मग तुम्ही मला जे समजावून सांगितलं, ते मी इथे लिहितो. आमच्या भागात अजून शंभरातल्या नव्वद जणांना ते माहीत नाही, आणि मलाही नव्हतं.

माझ्या हातात होतं ते बंदूक बाळगण्याचं लायसन. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी भरमार बंदूक मिळण्याची सोय आहे, वडिलांना ती त्याखाली मिळाली होती. त्या कागदाने बंदूक ठेवता येते, रानातलं जनावर मारता येत नाही. शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो आणि त्याचं कलम ९ शिकारीला सरळ मनाई करतं. मी म्हणालो, “पण आमचे वडील तर सांगायचे, शिकारीचे परवाने मिळतात म्हणून.” तुम्ही म्हणालात, वडील खोटं बोलत नव्हते. कायदा झाला तेव्हा त्यात शिकारीच्या परवान्यांचं कलम होतंच. १९९१ च्या दुरुस्तीत ते काढून टाकलं. वडिलांच्या बोलण्यात जुना कायदा राहिला होता आणि मी तोच खरा धरून चाललो होतो. त्या एका वाक्याने तुम्ही माझ्या गेलेल्या वडिलांचा मान राखलात, ताई. हे मी विसरणार नाही.

पिकाच्या नासाडीपायी रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी आपल्या राज्यात परवानगीची वाट आहे, हेही तुम्ही सांगितलं. तीसुद्धा वनविभागाने लेखी दिली तरच, आणि मेलेलं जनावर सरकारचं, त्याचं मटण घरी नेता येत नाही. चितळासाठी शेतकऱ्याला असा परवाना मिळत नाही. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या अनुसूची एकमधलं, म्हणजे वाघासारखं सगळ्यात जास्त संरक्षण असलेलं, जनावर असलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

फाइल बंद करता करता तुम्ही विचारलंत, “वडील कधी गेले?” मी म्हणालो, दोन वर्षं झाली. “मग बंदूक कुठे आहे?” ती घरातच होती, धान्याच्या कोठीमागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. लायसनवाला माणूस गेला की वारसाने ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, नाहीतर घरात ठेवणं हाच गुन्हा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच आठवड्यात ती ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. हरणाच्या नादात मी दुसऱ्याच गुन्ह्यावर बसलो होतो, आणि ते तुमच्या एका प्रश्नाने कळलं.

पुढचं तर मला अपेक्षितच नव्हतं. तुम्ही विचारलंत, नुकसान कधीचं? परवाच्या रात्रीचं, मी म्हणालो. “मग आजच यावं लागेल. तीन दिवसांच्या आत अर्ज पाहिजे.” जेवणाची सुट्टी सोडून, स्कूटीवर, त्या धुळीच्या पांदणीने तुम्ही आलात.

धुऱ्यावर चप्पल काढून तुम्ही चन्यात उतरलात आणि एक झाड हातात धरून मला जवळ बोलावलंत. शेंडा तुटला होता, पण कापल्यासारखा नव्हता, ओढून फाडल्यासारखा होता. कडेला धागे लोंबत होते. “चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात काका. ते जिभेने आणि खालच्या दातांनी धरून ओढतं. डुक्कर असतं तर झाड मुळासकट उपटलं असतं, माती नाकाने उकरली असती.” मग ओल्या मातीतला खूर दाखवलात. दोन टोकदार पाकळ्या, मागे काही नाही. डुकराच्या खुरामागे दोन ठिपके उमटतात, तेही तुम्ही बोटाने मातीत काढून दाखवलंत. सहा एकरांचा मी मालक, पण माझ्याच वावरात काय चालतं ते मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक यावेत म्हणून तुम्हीच फोन लावले. भरपाईच्या नियमात रानडुक्कर, रोही, रानगवा, माकड यांच्याबरोबर हरीणही आहे. त्यात “सारंग व कुरंग” असं लिहिलेलं तुम्ही वाचून दाखवलंत, तेव्हा शाळेतल्या कवितेतले ते शब्द सरकारी कागदावर पाहून मला कसंसंच झालं. आधीच्या दोन हंगामांची भरपाई मी अर्जच न केल्याने गेली. या वेळची मार्चमध्ये खात्यात आली. खरं सांगतो, नुकसानाच्या मानाने ती कमी आहे. रात्र-रात्र जागलीत जाणाऱ्या माणसाच्या झोपेचा हिशेब त्यात कुठेच नाही, आणि हे सरकारने बदललं पाहिजे असं माझं मत आहे. पण मला ती रक्कम हक्काने मिळाली. कोणाच्या ओळखीने नाही. आणि त्या एजंटाकडचे चार हजार गेले ते गेलेच.

आता मी तुम्हाला तेव्हा न सांगितलेली गोष्ट सांगतो. तुमच्याकडे यायच्या आदल्या रात्री ओळखीचा एकजण मला म्हणाला होता, “कायले परवाना पाहिजे? बांधाला बारीक तार लाव, लाइनवर आकडा टाक, सकाळी मोकळा.” मी तार विकतसुद्धा आणली होती. बंडल गाडीच्या डिकीत होतं, तुमच्या नाक्याबाहेर उभ्या गाडीत. वावरात उभं राहून तुम्ही सहज बोलता बोलता श्रीनिवासचं सांगितलं. आपल्या करांडल्याच्या जय वाघाचा बछडा. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे शेतातल्या करंटच्या तारेने मेला. तार चितळ, वाघ, ढोर, माणूस ओळखत नाही, म्हणालात. आमच्याकडे पहाटे अंधारात बायका वावरात जातात. माझी बायको जाते. मी तेव्हा काही बोललो नाही. घरी जाऊन ते बंडल भंगारात दिलं.

पुढे तुम्ही आम्हा लागून-लागून असलेल्या पाच शेतकऱ्यांना एकत्र बसवलंत आणि जंगलालगतच्या गावांसाठी असलेल्या जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाचे अर्ज भरून घेतले. त्यात ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. झटका बॅटरीवरून येतो, सेकंदाला साधारण एक, तोही क्षणभराचा. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. वेली तारेला टेकल्या की झटका कमजोर होतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापायचं, हेही तुम्ही दोनदा बजावलंत. कुंपण उभं राहीपर्यंत पाळी लावून जागल केली. पाच घरं, आठवड्यातून एक-दीड रात्र प्रत्येकाच्या वाट्याला. आधी मी एकटाच सात रात्री जागत होतो.

या वर्षीचा चना उभा आहे. परवा संध्याकाळी मी धुऱ्यावर होतो, तेव्हा कुंपणापलीकडे अकरा चितळं आली. एका नराची शिंगं नुकती फुटत होती, त्यावर मखमलीसारखी लव होती. झाडावरचं वानर खाकरलं, तशी सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि क्षणात जंगलात शिरली. मी किती वेळ तिथेच उभा होतो, माहीत नाही. बायकोने हाक मारली तेव्हा भानावर आलो.

ताई, घाटे भरत आले आहेत. पंधरा दिवसांनी वावरात हुळा भाजणार आहोत, पाचही घरं येतील. तुमची ड्यूटी सांभाळून या. मुलाबाळांना आणा. भाकरी आणि वांग्याची भाजी बायको घरून आणेल, आणि या वेळी जेवणाची सुट्टी सोडायची नाही.

आपला,
पाचांपैकी एक काका