सूचना : २४ जून, संत योहान बाप्तिस्ता यांचा जन्मसण

सर्व सभासदांना नमस्कार. २४ जूनला ठाण्यात तलावपाळीजवळच्या आपल्या चर्चच्या आश्रयदात्या संतांचा सण. संतांचे सण बहुधा मृत्युदिनी येतात. जन्मसण मात्र येशू, मरिया आणि योहान या तिघांचेच. नाताळच्या सहा महिने आधी, दिवस लहान होऊ लागतो त्याच सुमारास योहानांचा हा सण येतो. ख्रिस्त वाढावा, आपण कमी व्हावे असे म्हणणाऱ्या योहानांना तारीखही तशीच मिळाली! गटाच्या कामात आपण कोणाचे नाव पुढे करतो, हे प्रार्थनेत स्वतःला विचारू या. योहानांचे वडील जखऱ्या बाळाचे नाव ठेवेपर्यंत मुके होते. आपण निदान त्या दिवशी तरी गटावर फॉरवर्ड पाठवणे थांबवू. मिस्साची (चर्चमधील उपासनेची) वेळ चर्चच्या फलकावर पाहावी. आणि हो, छत्री आणा.

– गटप्रमुख