सर्व्हिस कुणाची आणि उभं कुठं राहायचं?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही चौघांनी बॅडमिंटन सुरू केलंत, पण खेळण्यापेक्षा वादच जास्त होतायत, हे वाचून हसू आलं. नवख्यांची भांडणं बहुधा दोनच गोष्टींवरून होतात: रेघ कुठली धरायची आणि सर्व्हिस कुणाची. म्हणून तेच आधी सांगतो.

कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. सिंगल्सला दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वगळायच्या, म्हणजे रुंदी उरते ५.१८. डबल्सला पूर्ण रुंदी. घोळ होतो तो मागच्या दोन रेघांमुळे. शेवटच्या रेघेच्या ७६ सेंटीमीटर आत जी रेघ दिसते, ती फक्त डबल्सच्या सर्व्हिससाठी असते. सर्व्हिस तिच्या पलीकडे पडली तर बाहेर, पण सर्व्हिस परतवली की त्या रेघेला अर्थ नाही. रॅलीत (सर्व्हिसनंतरच्या टोलवाटोलवीत) फूल, म्हणजे शटल, थेट शेवटच्या रेघेपर्यंत आतच. सिंगल्सची सर्व्हिस मात्र शेवटच्या रेघेपर्यंत चालते. म्हणून सर्व्हिसपुरतं घोकून ठेव: सिंगल्सला लांब-अरुंद, डबल्सला आखूड-रुंद. पुढची मर्यादा दोन्हींत सारखीच, नेटपासून १.९८ मीटरवरची रेघ. रेघेवर पडलेलं फूल आत. बूच (फुलाचं गोल टोक) कुठं टेकलं ते बघायचं, घरंगळून कुठं थांबलं ते नाही.

गुणांचं सोपं आहे. २००६ पासूनच्या पद्धतीत सर्व्हिस कुणाचीही असो, जो रॅली जिंकेल त्याला गुण. गेम २१ चा. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते, आणि २९-२९ ला पुढचा एकच गुण निकाल लावतो. तीनपैकी दोन गेम जिंकणारा सामना जिंकतो. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची. तिसऱ्यात कुणाचेही ११ झाले की परत बदलायची.

आता डबल्स. जुन्या पद्धतीत एका बाजूला दोन सर्व्हिस मिळायच्या. तुमच्यातले जोशीकाका ‘सेकंड सर्व्हिस’ मागतात ते त्या सवयीने. आता एकच. नियम असा: सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा स्वतःचा स्कोअर सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. आणि जागा फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीने, गुण मिळाल्यावरच बदलायच्या. घेणाऱ्यांनी जागचं हलायचं नाही.

तुमचीच उदाहरणं घे. तू उजवीकडे, मीनल डावीकडे; समोर काका त्यांच्या उजव्या अंगाला, काकू डाव्या. शून्य-शून्य. तू उजवीकडून तिरकी सर्व्हिस काकांना करतोस आणि गुण मिळतो. १-०. तू आणि मीनल जागा बदलता, आता तू डावीकडून काकूंना सर्व्हिस करतोस. तो गुण गेला: १-१, सर्व्हिस तिकडे. त्यांचा स्कोअर विषम, म्हणजे डावीकडे उभ्या असलेल्या काकू सर्व्हिस करणार, आणि समोर डावीकडे तूच आहेस. ही रॅली तुम्ही जिंकलात, २-१. इथे सगळे चुकतात: सर्व्हिस परत आली म्हणून जागा बदलतात. बदलायच्या नाहीत! स्कोअर सम, उजवीकडे मीनल उभी आहे, म्हणून सर्व्हिस मीनलची, काकांना. हा गुणही गेला तर २-२, आणि उजवीकडचे काका मीनलला सर्व्हिस करतील. कोण कुठं हे विसरलात आणि चूक नंतर ध्यानात आली तर जागा दुरुस्त करायची; झालेले गुण तसेच राहतात. प्रत्येक सर्व्हिसआधी स्कोअर मोठ्याने बोलायची सवय लावा, आपला आधी.

सर्व्हिस ज्याच्यासाठी त्यानेच परतवायची. जोडीदाराने मध्येच मारली किंवा फूल त्याला लागलं तरी गुण समोरच्यांना.

सर्व्हिस मारताना दोन्ही पाय स्थिर, थोडा का होईना भाग जमिनीला टेकलेला, आणि रेघेवर नाही. आधी बुचाला रॅकेट लागली पाहिजे, पिसांना नाही. हात पुढे निघाला की मध्ये थांबवून चकवायचं नाही. फूल सोडून फटका हुकला तरी फॉल्टच (म्हणजे चूक, गुण समोरच्यांना), ‘परत घेतो’ नाही. उंचीचा नियम पूर्वी कमरेखालचा होता. २०१८ पासून जमिनीपासून १.१५ मीटर आला: फटका बसताना अख्खं फूल त्याखाली हवं. अंदाज हवा तर नेटकडे बघ. नेट खांबापाशी १.५५ मीटर, मध्यभागी १.५२४, आणि जाळी ७६ सेंटीमीटर रुंद; म्हणजे जाळीचा मध्य जवळपास तिथेच येतो. बऱ्याच हॉलमध्ये अजून कमरेचाच नियम चालतो. चालू दे, पण चौघांचं आधी ठरू दे.

नेटला घासून फूल योग्य चौकोनात पडलं तर सर्व्हिस चांगली. टेनिससारखी ‘लेट’ (तो गुण पुन्हा खेळणं) नसते. नेटवरच अडकलं तर मात्र: सर्व्हिसला फॉल्ट, रॅलीत लेट.

बाकीचे फॉल्ट पटकन: रॅलीत रॅकेट, अंग किंवा कपडा नेटला लागणं, फूल आपल्याकडे यायच्या आत पलीकडे जाऊन मारणं (आपल्या बाजूला मारल्यावर रॅकेट ओघात पुढे गेली तर चालते), दोघांनी लागोपाठ मारणं. आणि फूल अंगाला लागणं, मग तू कोर्टाबाहेर का उभा असेनास. बाहेर चाललेलं फूल ऐटीत हाताने झेललंस तर गुण त्यांचा. जमिनीवर पडू दे. छताला लागलं तरी फॉल्ट. फक्त तुळई खाली असेल तर हॉलचा स्थानिक नियम आधी विचार.

पिसांची फुलं एवढ्यात नको. मिसहिटने पिसं मोडतात आणि डबा आठवड्यात संपतो. नायलॉनची घ्या, बुचाभोवती निळी पट्टी असलेली. हिरवी हळू, लाल जलद. उन्हाळ्यात हवा विरळ होऊन फूल लांब जातं, तेव्हा हिरवी बरी. वेग तपासायचा तर शेवटच्या रेघेवरून खालून पूर्ण ताकदीने मार. समोरच्या शेवटच्या रेघेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर ठीक.

आणि काकांना एक सांग: इंग्रजांच्या काळी पुण्याच्या छावणीत हा खेळ इतका चालायचा, की त्याला ‘पूना’च म्हणत. तेवढ्यावरून दुसरी सर्व्हिस मात्र मिळणार नाही.

मीनलला आणि काका-काकूंना नमस्कार. २-२ नंतर कोण कुठं उभं होतं, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
विनय