मन्यास पत्र : बिकॉजच्या अलीकडे, बिकॉजच्या पलीकडे

सोलापूर,
रविवार

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

'द शॉप वॉज क्लोज्ड बिकॉज द ओनर वॉज सिक' हे वाक्य पॅसिव्ह, म्हणजे ज्याच्यावर कृती झाली त्याला पुढे आणणारं, आहे की नाही, यावरून तुझ्या दहावीच्या वर्गात दोन तट पडले आणि तू 'उद्या सांगतो' म्हणून सुटलास. बरं केलंस, कारण दोन्ही तट बरोबर आहेत.

मराठीत हा घोळ होत नाही. नवी पेठेतलं दुकान 'बंद होतं' ही झाली स्थिती, 'बंद केलं' किंवा 'बंद करण्यात आलं' ही झाली कृती. इंग्रजीत दोन्हीला 'वॉज क्लोज्ड'. पहिल्यात क्लोज्ड हे साधं विशेषण आहे, दुसऱ्यात ते क्रियापदाचं पास्ट पार्टिसिपल, म्हणजे तिसरं रूप आहे. शब्द एकच, म्हणून पोरं पुढच्या शब्दांकडे पाहतच नाहीत. खरं तर बिकॉजच्या पलीकडचं वाक्य बऱ्याचदा उत्तर देऊन टाकतं. 'बिकॉज इट वॉज संडे' असेल तर दुकान नुसतं बंद होतं. 'बिकॉज द वायरिंग वॉज अनसेफ' असेल तर कुणीतरी येऊन ते बंद करायला लावल्याचा वास येतो. मालक आजारी असेल तर दोन्ही अर्थ बसतात, म्हणून तुझा वर्ग भांडला.

तपासायचे उपाय सांगतो, पण प्रत्येकाची मर्यादा धरून. 'बाय द पोलीस' जोडून पाहा. वाक्य ठीक वाटलं तर कृती शक्य आहे. 'वॉज बीइंग क्लोज्ड' केलं तर फक्त कृतीच उरते. 'ॲट नाइन शार्प' जोडलं की कृतीकडे झुकतं, 'ऑल डे' जोडलं की स्थितीकडे. 'वॉज'च्या जागी 'सीम्ड' बसला तर विशेषण. 'व्हेरी'चा उपाय गाइडांमध्ये फार मिरवतात, पण तो एकाच बाजूने चालतो. 'व्हेरी वरीड' बसतं म्हणजे वरीड विशेषण आहे, हे खरं. पण 'व्हेरी क्लोज्ड' बसत नाही म्हणून क्लोज्ड विशेषण नाही, असं म्हणता येत नाही. दुकान एक तर बंद असतं नाही तर उघडं, थोडं थोडं बंद नसतं. सगळ्यात खणखणीत पुरावा 'अन'चा. 'द टॉवेल्स वेअर अनसोल्ड बिकॉज दे वेअर टू कॉस्टली' यातलं अनसोल्ड पॅसिव्ह असूच शकत नाही, कारण 'अनसेल' असं क्रियापद व्यवहारात नाही. मात्र 'अनलॉक' आहे, तेव्हा 'अन' दिसला की डोळे झाकून शिक्का मारू नकोस.

आता ॲक्टिव्ह वाक्याचं पॅसिव्ह करण्याचा भाग, जिथे खरी पडझड होते. पोरांना शिकवलेलं असतं की कर्म उचला, पुढे आणा, 'बी'चं रूप (इज, वॉज, वेअर) लावा, तिसरं रूप लावा. ते हे यंत्र बिकॉजच्या पलीकडेही चालवतात. 'दे रिजेक्टेड द चादर्स बिकॉज दे वेअर डॅम्प' याचं काही वह्यांत 'वॉज बीइंग डॅम्प्ड' होतं. फळ्यावर बिकॉजच्या जागी एक उभी रेघ मार आणि दोन्ही बाजू वेगळ्या तपासायला लाव. रेघेच्या प्रत्येक बाजूला एकच प्रश्न: इथे कर्म आहे का? 'वेअर डॅम्प'ला कर्म नाही, म्हणजे तिथे हात लावायचा नाही.

विशेषण मात्र तीन ठिकाणी बसतं आणि तिन्ही ठिकाणी वेगळं वागतं. नामाच्या आधी असेल तर ते नामाचं शेपूट धरून फिरतं. 'द डायर (रंगारी) हॅड यूज्ड चीप डाय'चं 'चीप डाय हॅड बीन यूज्ड' होतं, चीप आणि डाय एकत्र पुढे येतात. म्हणून 'दे रिजेक्टेड द टॉवेल्स बिकॉज द डायर हॅड यूज्ड चीप डाय'चं पूर्ण रूप 'द टॉवेल्स वेअर रिजेक्टेड बिकॉज चीप डाय हॅड बीन यूज्ड'. इथे रेघेच्या दोन्ही बाजूंना कर्म होतं, म्हणून दोन्ही बाजू उलटल्या. एकच उलटली असती तरी व्याकरण चुकलं नसतं. दुसरी जागा 'वेअर डॅम्प'सारखी, ती आपण सोडून दिली. तिसरी जागा पोरांना सर्वात परकी वाटते, कारण विशेषण कर्माच्या मागे उभं असतं. 'शी रोस्टेड द भाकरी क्रिस्प.' कडक भाकरीचं उदाहरण आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. भाकरी पुढे गेली तरी क्रिस्प जागचं हलत नाही: 'द भाकरी वॉज रोस्टेड क्रिस्प बिकॉज इट हॅड टू लास्ट फॉर डेज.' 'क्रिस्प भाकरी वॉज रोस्टेड' केलं की भाकरी आधीच कडक होती आणि मग भाजली, असा अर्थ निघतो. 'लेफ्ट ओपन', 'पेंटेड ग्रीन', 'फाउंड गिल्टी' ही सगळी याच घरातली.

एवढं नीट केलं तरी एक खड्डा उरतो, आणि तो व्याकरणाचा नाही, अर्थाचा आहे. हे बघ: 'द मॅनेजर स्कोल्डेड द वीव्हर बिकॉज ही वॉज अँग्री.' रागावलेला कोण, मॅनेजर. आता नियमाप्रमाणे उलट आणि 'बाय द मॅनेजर' गाळ: 'द वीव्हर वॉज स्कोल्डेड बिकॉज ही वॉज अँग्री.' बिचारा विणकर रागावला म्हणून बोलणी खातोय! मॅनेजर वाक्यातून निघून गेला, तेव्हा 'ही' जवळच्या माणसाला चिकटला. उपाय सोपा आहे, सर्वनामाच्या जागी नाम लिहायचं: 'बिकॉज द मॅनेजर वॉज अँग्री.' विशेषण 'लेट' असतं तर मुळातच ते विणकराचं होतं, तेव्हा काही बिघडत नव्हतं. म्हणजे 'बाय' गाळायचा की नाही हे बिकॉजच्या पलीकडचं विशेषण कुणाचं आहे त्यावर ठरतं. हे मी कुठल्या गाइडमध्ये पाहिलेलं नाही.

गाळायचा तर केव्हा, याला आपल्या शहरातलंच उदाहरण दे. 'द चौक इज सो नेम्ड बिकॉज फोर मेन फ्रॉम सोलापूर वेअर हँग्ड इन १९३१.' चार हुतात्मा चौकाचं नाव कुणी ठेवलं हे इथे महत्त्वाचं नाही आणि फाशी कुणी दिली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोन्हीकडे 'बाय' नाही. माणसाला फाशी दिली की 'हँग्ड', चादर दोरीवर टांगली की 'हंग', हेही त्याच श्वासात सांगून टाक.

एक गोष्ट मात्र वर्गात चुकूनही म्हणू नकोस: पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग. 'विणकराने चादर विणली' हा आपला कर्मणी, कारण क्रियापद चादरीच्या लिंगाने चालतं. पण इंग्रजीत ते सरळ ॲक्टिव्ह आहे, 'द वीव्हर वोव्ह द चादर.' पोरं '-ने' पाहून 'बाय' लावतात ती याच समजुतीतून. पॅसिव्हचा खरा जोडीदार 'विणकराकडून चादर विणली गेली', ज्याला आपण नवीन कर्मणी म्हणतो.

'नॉट' आला की सावध. 'द टॉवेल्स वेअर नॉट रिजेक्टेड बिकॉज दे वेअर चीप' याचे दोन अर्थ होतात: स्वस्त होते म्हणून नाकारले नाहीत, किंवा नाकारले खरे पण स्वस्त म्हणून नव्हे. पहिला अर्थ हवा असेल तर 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा किंवा कारण सरळ वाक्याच्या सुरुवातीला न्यायचं. सुरुवातीला नेलं की मध्ये स्वल्पविराम येतो, आणि पुढे 'सो' लावायचा नाही. आपल्या 'म्हणून'मुळे तो लावायचा मोह होतो.

'बिकॉज ऑफ'पुढे नाम लागतं. 'बिकॉज ऑफ वेट' नाही, 'बिकॉज ऑफ द वेट यार्न'. नुसतं 'बिकॉज वेट' तर परीक्षेत अजिबात नाही. तुझी पोरं मोबाइलवर 'बिकॉज टायर्ड' वाचतात आणि म्हणतील, सर, असं तर लिहितात. लिहितात हे खरंय. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा शब्द म्हणून 'बिकॉज'च निवडला होता, तो याच नव्या वापरामुळे. त्यांना सांग, चॅटवर खुशाल लिहा, उत्तरपत्रिकेत पूर्ण वाक्य.

उद्या वर्गात दोनच वाक्यं दे: 'द नर्स केप्ट द विंडो ओपन बिकॉज शी वॉज अनईझी' आणि 'द नर्स केप्ट द विंडो ओपन बिकॉज द रूम वॉज स्टफी.' दोन्ही पॅसिव्ह करायला सांग, 'बाय' गाळून. पहिल्यात 'शी' कुणाची हे कुणी विचारलं तर तो पोरगा किंवा ती पोरगी पुढच्या बाकावर बसव.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू