पट ९२ आहे म्हणून पोरीचं ऐकायला माणूस नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर्व नागपुरातल्या सातवीपर्यंतच्या एका सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षांपासून आहे, माझे दोन्ही पोट्टे तिथंच शिकतात. पेपरमधे शाळांच्या अनुदानाची किंवा नवीन योजनेची बातमी आली की मी ती कापून ठेवते आणि मीटिंगमधे मॅडमना विचारते की हे आपल्याला कधी मिळणार. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, आपला पट किती आहे त्यावर आहे ताई. आमचा पट, म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या, ९२ आहे आणि या एका आकड्यानं आमच्या पोरांचं काय होतं ते तुमच्या वाचकांना सांगायचं म्हणून हे पत्र.

आधी पैशाचं सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं ते पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार. म्हणजे आम्हाला २५ हजार, त्यातले कमीत कमी १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. लाइट बिल, खडू, फिनाइल, झाडू, नळाच्या तोट्या, झेरॉक्स, सगळं यातच. गेल्या वर्षी आमच्या खात्यावर हे पैसे खर्च करायची लिमिट आली ती फेब्रुवारी संपता संपता आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा नाहीतर परत जाणार, तोवर मॅडम स्वतःच्या खिशातून आणि आम्ही चार पालक वर्गणी काढून भागवत होतो. हा काही आमच्या एकट्या शाळेचा अनुभव नसेल, तुमचे वाचक शिक्षक असतील तर त्यांना माहीत आहे.

पण पैशासाठी हे पत्र लिहिलं नसतं, भागवतो आम्ही कसंतरी. सहावीतल्या एका मुलीमुळे लिहितेय.

तिचं नाव लिहीत नाही. तिची आई कळमना मार्केटमधे मिरचीचे देठ खुडायला जायची. दिवाळीनंतर ही मुलगी खिचडी ताटात घ्यायची, थोडी चिवडायची आणि कोणाचं लक्ष नाही बघून डब्यात भरून दप्तरात ठेवायची. सुट्टीची घंटा झाली की बाकीचे धूम पळायचे आणि ही बसून राहायची, दुसऱ्यांची ताटं धुवायची, फळा पुसायची, दप्तर तीन तीनदा भरायची, शेवटी दाराला कुलूप लावायच्या वेळी निघायची. हे कोणाला दिसलं? खिचडी करणाऱ्या काकूंना, ज्यांना महिन्याला २५०० रुपये मानधन मिळतं. त्यांनी तिला भांड्यांजवळ बसवून हळूहळू विचारलं तेव्हा कळलं की आई तीन आठवड्यांपासून मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात भरती आहे, बाप रात्री पिऊन येतो, घरी चार वर्षांचा भाऊ आहे, खिचडी त्याच्यासाठी नेते. तीन आठवडे ही पोरगी रोज शाळेत आली, रोज हजेरीत तिचं नाव लागलं आणि कोणालाच काही माहीत नाही.

मी वर्गशिक्षिकेला दोष देत नाही, मनापासून सांगते. एक बाई दोन वर्ग सांभाळतात, त्यात मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरणं, आधार जुळवणं, यूडायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद, प्रत्येक पोराचा अपार आयडी नंबर काढणं, कधी बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम. पोराच्या तोंडाकडे बघायला सवड कुठून आणायची? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, सरकारी निर्णयात सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर नाही असं ठरलं, आमचे सहावी-सातवी मिळून २३ आहेत, म्हणजे चार घरं भाडं परवडत नाही म्हणून दुसऱ्या वस्तीत गेली की त्या बाईपण जाणार.

मग आम्ही शाळेत बघितलं की अशा वेळी काय व्यवस्था आहे. भिंतीवर मुलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचा बोर्ड आहे, नावं ऑइल पेंटनं लिहिलेली, त्यातल्या दोघी शाळा सोडून गेल्यात. तक्रारपेटी आहे, तिला कुलूप आहे आणि चावी कोणाकडे ते कोणालाच सांगता येईना. शेवटी कुलूप तोडलं. आत चार चिठ्ठ्या होत्या. एकीवर पंखा चालू करा. दोन मुलींनी लिहिलं होतं, संडासला आतून कडी नाही, मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं. चौथी चिठ्ठी चांगली चार घड्या घातलेली पण कोरी होती, ती कोणाची आहे कळलं नाही आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. कडी आम्ही दुसऱ्या दिवशी बसवली, सुताराच्या मजुरीसकट दीडशे रुपये लागले. किती महिने त्या चिठ्ठ्या आत पडून होत्या देव जाणे.

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण तिच्या वडिलांनी लढवलं त्यातून हा निकाल आला आणि जोवर कायदा होत नाही तोवर हे नियम पाळायचे असं कोर्टानं सांगितलं. त्यात आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळेनं, कॉलेजनं, कोचिंगनं किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा, आणि त्यापेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्काची व्यवस्था करावी. निकाल वाचून मला फार बरं वाटलं आणि मग तो आकडा दिसला. १००. आम्ही ९२. आमच्या वाट्याला फक्त संपर्काची व्यवस्था आणि ती कोणी करायची, कोणाचा नंबर लावायचा हे मी विचारलं तेव्हा आम्हाला कोणीच सांगू शकलं नाही. शेवटी काकूंच्या सुनेनं १०९८ लावला, चाइल्ड हेल्पलाइनचा, तिला तो टीव्हीवरून माहीत होता.

माझं मागणं अगदी साधं आहे. शाळा लहान असली तरी दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतंच, केंद्रप्रमुख असतात. मग एका केंद्राला एक काउन्सेलर द्या, पगारी, प्रशिक्षित, आणि प्रत्येक शाळेत त्यांचा वार ठरवून टाका, की मंगळवारी ताई येणार म्हणजे येणार. दहा शाळांचा पट एकत्र मोजला तर १०० काय पाचशे-सातशे होतो. शिक्षकांना एक दिवसाचं ट्रेनिंग देऊन हे काम त्यांच्याच गळ्यात घालू नका, ते होणार नाही. आणि शाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरात १०९८ आणि टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लिहून घ्या, त्याला तर रंगाचा एक डबा लागतो.

पैसा नाही असं सांगतील म्हणून आधीच लिहिते. माझी शाळा सुंदर शाळा अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाख बक्षीस होतं, आम्हीपण त्यासाठी भिंती रंगवल्या आणि पोरांनी मनापासून चित्रं काढली, चांगलंच झालं. पण त्याच राज्यात नोव्हेंबर २०२३ मधे शाळेच्या जेवणात सुरू केलेलं आठवड्याचं एक अंडं जानेवारी २०२५ मधे निधी बंद करून थांबवलं, लोकवर्गणीतून द्या म्हणे. आमच्या वस्तीत कोण वर्गणी देणार जी? अंड्याच्या दिवशी आमची हजेरी सगळ्यात जास्त असायची, पोरं कवच न फाटता एका सालीत सोलायची शर्यत लावायचे. आणि चौथीपर्यंतच्या गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया भत्ता १९९२ ला सुरू झाला तो तीस वर्षं उलटली तरी एक रुपयाच राहिला, त्या काळी रुपयात कटिंग चहा यायचा.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर पैशाचं कापा, मुलीचं ठेवा. तिची आई आता घरी आली आहे, ती मार्केटमधे जात नाही, दारातच बसून मिरची खुडते. मुलगी जूनमधे सातवीत जाईल. आमच्याकडे आठवी नाही, म्हणजे तिला पुढच्या शाळेत पाठवायला आमच्या हातात एकच वर्ष आहे, तेवढ्यात तरी आमच्या केंद्राला माणूस मिळावा.

शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य,
पूर्व नागपूर