बाबांचा हात बाबांनाच वापरू द्या

मेलबर्न, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉल झाल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तुम्ही बोलत होता, पण माझं लक्ष मागे जेवत बसलेल्या बाबांकडे होतं. त्यांनी आमटीच्या वाटीकडे उजवा हात नेला. बोटं अर्धवट उघडली, वाटीच्या काठाला लागली, आणि तेवढ्यात आईने वाटी उचलून त्यांच्या तोंडाला लावली. हात क्षणभर ताटावर तसाच अधांतरी राहिला. मग बाबांनी तो डाव्या हाताने धरून मांडीवर आणून ठेवला.

दादा, पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले. तो हात आपणहून वाटीकडे गेला, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. आणि वहिनी, तू रात्रंदिवस जे केलंस त्याला तोड नाही. पण इथे रिहॅब म्हणजे पुनर्वसनाच्या वॉर्डात मी रोज हेच बघते. मेंदूचा जो भाग रक्त न मिळाल्याने गेला, तो परत येत नाही. आजूबाजूचे भाग त्याचं थोडंफार काम शिकतात, आणि तेही करून करूनच. सुरुवातीला हात दाद देत नाही म्हणून माणूस दुसऱ्या हातावर भागवतो, घरचे भरवतात. पुढे हातात जीव येऊ लागला तरी तो वापरायची सवयच गेलेली असते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांमध्ये पाहिलं. त्यावरून त्यांनी एक उपचार काढला: चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दोन आठवडे लुळ्या हाताकडूनच कामं करून घ्यायची. २००६ साली २२२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले हे लोक. हात सुधारले आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकली. बाबा आत्ता नेमके त्याच काळात आहेत.

मोजा मात्र घरच्या घरी घालू नका. बाबांची काठी डाव्या हातात असते, तोल गेला तर तोच हात सावरणार. मनगट किती वर येतं ते बघून फिजिओथेरपिस्टच ठरवतील. त्यांना नक्की विचार. आणि उठवताना उजवा दंड धरून ओढू नका. तिथले स्नायू लुळे पडलेत, खांदा निसटायला वेळ लागत नाही.

बोलण्याचंही तसंच. बाबा 'च…' म्हणाले की आपण सगळे 'चहा?' म्हणून मोकळे होतो. आरती ते न अडखळता म्हणतात, पाढेही येतात, कारण ते वर्षानुवर्षांच्या घोकण्याने पक्कं झालंय. पण स्वतःचं काही सांगायचं तर शब्द शोधावा लागतो. त्यांना ऐकू येतं आणि आपण साधं, एकेक वाक्य बोललो तर समजतंही. म्हणून मोठ्याने बोलू नका, आणि त्यांच्यादेखत 'त्यांना आता काही कळत नाही' असं कुणालाही म्हणू देऊ नका, आत्यालासुद्धा. विचारायचं असेल तर 'चहा की दूध?' असं विचारा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. फार अवघड जातं ते. फोनवर मलाच जमत नाही.

आईला हे वाचून दाखव, पण हळू आवाजात, तिला लागेल असं नको. भरवायचं थांबवणं तिला सगळ्यात जड जाईल. तिला म्हणावं, सांडू दे. ताटाखाली जुनं धोतर अंथर, जाड काठाची जड वाटी घे, अर्धीच भर आणि बाबांच्या उजवीकडे ठेव. ठसका लागला तर थांबायचं, आणि वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. दमले की पुढचे घास तिनेच भरवावेत, पण पहिले चार बाबांचे.

गुरुवारी तुमच्या जेवणाच्या वेळेला फोन करते. फोन ताटासमोर ठेव, मला त्यांचा हात दिसेल असा.

तुझी धाकटी